देव्हाऱ्याच्या पातळ फळ्या

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी वहिनींचं नाव घेतो. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्या आता नाहीत. त्या होत्या तेव्हा हे त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण आमच्याकडे असं कुणी कुणाला सांगत नाही.

त्या लग्न होऊन आमच्या घरात आल्या तेव्हा मी सातवीत होतो. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. आई लहानपणीच गेलेली. वडील मार्केट यार्डात पोती उचलायचे, दादा एका गॅरेजात मेकॅनिक होता. वहिनी दहावी पास होत्या, म्हणजे त्या दिवशी आमच्या घरातल्या सगळ्यात शिकलेल्या त्याच. रीतीप्रमाणे त्यांनी मला पहिल्या दिवसापासून ‘भाऊजी’ म्हटलं आणि ‘तुम्ही’ म्हटलं. तोवर मला ‘ए पोरा’ याच्या पलीकडे कुणी हाक मारली नव्हती. चड्डी मागून फाटलेल्या मुलाला एक मोठी बाई ‘भाऊजी, तुम्ही अभ्यास कधी करता?’ असं विचारते, तेव्हा तो मुलगा खोटं बोलू शकत नाही.

त्या भाकरी थापत असताना मी चुलीजवळ बसून धडा मोठ्याने वाचायचा, असा त्यांचा नियम होता. मध्येच त्या विचारायच्या, “का?” भांड्यातलं पाणी उकळलं की झाकण का उडतं? सावली दुपारी आखूड का होते? मला आलं नाही तर दुसऱ्या दिवशी सरांना विचारून यायचं आणि आधी त्यांना सांगायचं, मग जेवायचं. पुढे मी इंजिनिअर झालो त्याची सुरुवात त्या ‘का’पासून झाली.

दहावीनंतर वडिलांनी ठरवलं की मी दादाबरोबर गॅरेजात जायचं. वहिनी सासऱ्यांसमोर कधी बोलत नसत. त्या दिवशी दाराआडून आवाज आला, “भाऊजी कॉलेजात जातील.”

वडिलांनी दादाकडे बघितलं. “कोण बोललं?”

“मी नाही,” दादा म्हणाला आणि ताटात खाली बघून हसला.

ॲडमिशनला दादाला रजा मिळाली नाही, तेव्हा त्याच माझ्याबरोबर जिल्ह्याला आल्या. त्याआधी त्या एकट्या कधी एसटीतसुद्धा बसल्या नव्हत्या. रांगेत माझ्यामागे उभ्या राहिल्या आणि खिडकीतल्या माणसाने मला काही विचारलं की माझ्याआधी मान हलवायच्या. एवढं मी सांगितलं की बाकीचं कुणालाही कळेल.

आता मी चेन्नईत राहतो. ओरगडमच्या एका ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, कंपनीच्या बसने जाणं-येणं, आणि कारखान्यापासून थोड्या अंतरावर तळमजल्याचं घर. बायको बँकेत आहे. मुलगी शाळेत तमिळ बोलते, घरात इंग्रजी, आणि मराठी फक्त रागावल्यावर. घराच्या बाजूला गाडीसाठी पत्र्याची शेड आहे. गाडी मी रस्त्यावर लावतो आणि शेडमध्ये माझं लाकडाचं काम चालतं. बंद पडलेल्या एका सुतारशाळेतून मी जुनं रंधा मारायचं यंत्र घेतलं होतं, फळी एका बाजूने सारली की ठरवलेल्या जाडीची होऊन दुसऱ्या बाजूने निघते ते. थिकनेसर म्हणतात त्याला.

दादा अचानक गेला. गॅरेजातून दुपारी घरी आला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत संपलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. वडील आधीच गेले होते. वर्षश्राद्धाला मी गेलो तेव्हा भावकी बसली. चुलते बोलले, ते घरात आता वडीलधारे. घराण्याचे देव थोरल्याकडे असतात. थोरला गेला, त्याला मूल नाही, तर देव धाकट्याकडे जायला हवेत. आणि एकट्या विधवा बाईच्या घरात कुळाचे देव ठेवत नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते बरोबर वाटलं, कारण मला वहिनींना चेन्नईला न्यायचंच होतं. देव आले की त्याही येणार. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी फक्त पदर नीट केला.

आमचे देव म्हणजे चांदीचे टाक. तळहाताएवढ्या चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेले खंडोबा, भवानी आणि आमचे एक पूर्वज. वहिनींनी ते पितळेच्या डब्यात तांदळाच्या थरावर ठेवले, लाल खणात गुंडाळले आणि रेल्वेत रात्रभर मांडीवर घेऊन बसल्या. मी म्हणालो, “वर ठेवू का?” तर म्हणाल्या, “राहू द्या.”

चेन्नईत आल्यावर त्यांनी डबा माझ्या कपाटात ठेवला. रोज सकाळी आंघोळ करून त्या तो उघडायच्या, स्वयंपाकघरात पाटावर देव मांडायच्या, स्नान, गंध, फूल, नैवेद्य, सगळं करायच्या आणि पुन्हा देव डब्यात ठेवून द्यायच्या. पाहुण्यांची उशी-चादर उचलून ठेवावी तसे. मी म्हटलं, “वहिनी, बाहेरच राहू द्या ना देव.” त्या म्हणाल्या, “देव बसवायला जागा लागते, भाऊजी.”

मला वाटलं, देव्हारा नाही म्हणून त्या असं करतात. गावच्या घरात भिंतीतला कोनाडा होता, आमच्या भिंती काँक्रीटच्या. बाजारात संगमरवरी देव्हारे मिळतात, पण मला वाटलं की आपल्या हाताने करावा. वहिनींसाठी आपण आजवर काय केलं, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. देव्हारा हे उत्तर होईल असं मला वाटलं. तो झाला की देव बसतील, देव बसले की वहिनी इथल्या होतील आणि मग त्यांना परत पाठवायचं की नाही हा विषयच घरात निघणार नाही. गावचं घर भाड्याने द्यावं असंही माझं आणि बायकोचं बोलणं झालं होतं. ते वहिनींच्या कानावर होतं.

पाडलेल्या जुन्या घराच्या दारांचं सागवान इथे विकत मिळतं. मी एक जाड फळी आणली आणि वखारीतून तिचे पातळ काप काढून आणले. चौकटीचं काम जमलं. अवघड होत्या त्या बाजूंच्या आणि पाठीच्या फळ्या. त्या चार मिलिमीटरच्या करायच्या होत्या, नाहीतर लहान देव्हारा खोक्यासारखा दिसला असता. यंत्राच्या पुस्तिकेत सहा मिलिमीटरपेक्षा पातळ लाकूड घालू नये असं लिहिलेलं होतं. मी विचार केला, थोडं थोडं कमी करत गेलं तर काय होईल.

रविवार होता. वहिनी शेडच्या पायरीवर खुर्ची घेऊन बसल्या होत्या. शेजारची पाट्टी, म्हणजे म्हातारी आजी, कुंपणापलीकडे शेवग्याची पानं निवडत होती. या दोघींची मैत्री मला कधी नीट कळली नाही. पाट्टी तमिळ बोलायची, वहिनी मराठवाड्याची मराठी, आणि दोघी तासभर गप्पा मारायच्या. पाट्टी रोज सकाळी विचारायची, “साप्टिया?” मुलीने वहिनींना सांगितलं होतं की त्याचा अर्थ ‘जेवलीस का’ असा होतो. वहिनी म्हणायच्या, “सकाळी आठला विचारती, दुपारी विचारती, संध्याकाळी विचारती. मी उपाशी दिसते का हिला?” पण एखाद्या दिवशी पाट्टी दिसली नाही तर कुंपणाशी जाऊन स्वतःच विचारायच्या, “साप्टिया हो?”

मी वहिनींना गॉगल दिला आणि यंत्राचा आवाज अडवायला कानावर लावायची ती मोठी बोंडं दिली. त्यांनी पदर डोक्यावर घेऊन त्यावर बोंडं चढवली. पाट्टी इतकी हसली की हातातली पानं सांडली.

“हसू दे,” वहिनी म्हणाल्या. “मामंजींनी बघितलं असतं तर मला माहेरी धाडलं असतं.”

मी यंत्र सुरू केलं आणि पहिली पातळ फळी आत सारली. अर्धी गेली असेल. एकदम कडाड असा आवाज झाला, फळीचा पुढचा भाग आतच फुटला आणि मागचा तुकडा उलटा माझ्या बाजूने सुटून भिंतीवर आपटला. मी सुदैवाने बाजूला उभा होतो. यंत्र बंद केलं. वहिनी खुर्चीतून उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरून बोटं बघितली, एकेक बोट, लहान मुलाची बघतात तशी.

मग बोंडं काढून त्या म्हणाल्या, “का?”

“काय का?”

“का फुटली?”

मी पायरीवर बसलो आणि त्यांना समजावून सांगितलं. यंत्रात दोन रूळ असतात, ते लाकूड ओढतात. मधे फिरणारी पाती असतात. ती पाती लाकूड कापताना त्याला उचलतात आणि मागे ढकलतात. जाड फळी आपल्या ताठपणाने दबून राहते. पातळ फळीत ताठपणा नसतो. ती पानासारखी वर उचलली जाते, पात्यात सापडते, फुटते आणि जिकडून आली तिकडे फेकली जाते.

“मग तिच्याखाली काहीतरी जाड द्या ना.”

“तेच करायला हवं होतं,” मी म्हणालो. तेच करतात, हे मी वाचलेलंही होतं. एक जाड, सपाट फळी खाली घ्यायची, पाटासारखी. तिच्यावर दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने पातळ फळी पक्की बसवायची. पाती मागे ढकलतात म्हणून मागच्या टोकाला एक पट्टी ठोकायची, पण ती पातळ फळीपेक्षा बुटकी असायला हवी, म्हणजे पात्याला लागणार नाही. मग दोन्ही मिळून यंत्रात जातात आणि यंत्राला वाटतं की एकच जाड फळी आहे. प्रत्येक वेळी अगदी थोडंसंच काढायचं. फळी हवी त्यापेक्षा लांब ठेवायची, कारण टोकांना खड्डा पडतो, तो भाग नंतर कापून टाकायचा. लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेने चढतात ते बघून मगच तोंड ठरवायचं. आणि यंत्राच्या सरळ रेषेत कधी उभं राहायचं नाही.

“आणि आखूड तुकडे?”

“आखूड तुकडे यंत्रात घालायचेच नाहीत. ते हातरंध्याने करायचे.”

त्या दिवशी आम्ही पुन्हा यंत्र लावलं नाही. वहिनींनी सांगितलं, “आज नाही. हात थरथरतायत तुमचे.”

पुढच्या रविवारी पाट तयार होता. पहिली फळी गेली, दुसऱ्या बाजूने निघाली, मी उचलून परत घातली, आणि असं करत करत ती चार मिलिमीटरची झाली. गुळगुळीत, तांबूस, उजेडासमोर धरली तर कडा जणू चमकत होत्या. आता ती पाटावरून सोडवायची होती. मी टोक धरून ओढायला गेलो तसं वहिनींनी माझा हात बाजूला केला.

“ओढून येणार नाही. मोडेल. कापडावरच्या कुरडया कशा काढतात?”

“कशा?”

“मागून ओलं करून. सोडवायची, ओढायची नाही.”

पाणी इथे चालणार नव्हतं, लाकूड फुगलं असतं. मी थिनरची बाटली दिली. वहिनींनी पातळ सुरी घेतली, कापसाने थेंब थेंब थिनर टेपच्या कडेला सोडलं आणि सुरी अलगद आत सारत गेल्या. फळी सुटून हातात आली तेव्हा त्यांनी ती दोन्ही तळव्यांवर धरली, पोळी धरतात तशी. मी म्हटलं, “हे काम आता तुमचं.” त्या हसल्या.

असे आमचे रविवार ठरले. मी फळ्या पातळ करायच्या, वहिनींनी सोडवायच्या. इतक्या वर्षांत आम्ही दोघं इतका वेळ एकत्र बसलो नव्हतो. त्या दादाबद्दल बोलायच्या. तो गॅरेजातून आला की केरोसिनने हात धुवायचा, त्या वासाची त्यांना इतकी सवय झाली होती की आता थिनरचा वास आला की त्या क्षणभर दाराकडे बघतात, असं त्या म्हणाल्या.

हळूहळू वहिनींचं काम मंदावलं. आधी त्या एका बैठकीत सगळ्या फळ्या सोडवायच्या. मग दोन सोडवून म्हणायच्या, आज पाठ दुखती. मग एकच. मी देव्हारा अक्षय्य तृतीयेपर्यंत पुरा करायच्या मागे होतो. जेवताना बायकोला म्हणालो, “वहिनींना बरं नाही वाटत का? डॉक्टरकडे न्यावं का?”

“त्यांना बरं आहे,” बायको म्हणाली. “अहो, त्यांना घाई नाही, एवढंच. तुम्हाला आहे.”

“म्हणजे काय?”

“मला काय विचारता? त्यांना विचारा. मी जाऊ आहे त्यांची, त्यांच्या मनातलं मी तुम्हाला सांगितलं तर त्यांना आवडायचं नाही.”

मी विचारलं नाही. दुसऱ्या रविवारी कुंकवाची डबी आणि पंचांग घेऊन शेडमध्ये गेलो आणि म्हणालो, “वहिनी, तृतीयेला देव बसवू. सकाळचा मुहूर्त चांगला आहे.”

त्यांच्या हातात पाठीची फळी होती, सगळ्यात मोठी. अर्धी सुटलेली. त्यांनी सुरी खाली ठेवली.

“भाऊजी, एक विचारू?”

“विचारा ना.”

“देव इथं बसवले म्हणजे ते इथलेच झाले. मग तिकडं घरात सांजेला दिवा कुणापुढं लावायचा?”

“तिकडं आता आहे कोण?”

“मी आहे की,” वहिनी म्हणाल्या.

शेडमध्ये पंखा फिरत होता. माझ्या हातातलं पंचांग मी बंद केलं आणि पुन्हा उघडलं.

“तुम्ही एवढ्या मायेनं करायलात,” त्या म्हणाल्या, “म्हणून मला बोलवेना. रोज वाटायचं, आज सांगावं. पण फळी बघितली की वाटायचं, पोरानं जीव लावलाय.”

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा ‘पोर’ म्हटलं होतं.

“इथं तुम्हाला काही कमी आहे का?”

“काही कमी नाही. जाऊ चांगली, पोरगी चांगली, ती म्हातारी तर दिवसातून तीनदा जेवलीस का विचारती.” त्यांनी थिनरच्या बाटलीचं बूच लावलं. “पण इथं मी पाहुणी आहे, भाऊजी. माझं घर तिथं आहे. त्या घरात मी तीस वर्षं दिवा लावलाय. देव इकडं बसले की भावकी म्हणणार, झालं, आता घरात काय उरलं? लावा कुलूप. मग मी परत जाणार कशाला आणि कुठं?”

“चुलते म्हणाले होते की एकट्या बाईच्या घरात...”

“म्हणाले होते. मी ऐकलं. तुम्हीपण ऐकलं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला ते जास्त लागलं. “मी एकटी असले तर देवाला काय भीती वाटणार आहे का माझी?”

भावकीत मी आता घरातला एकुलता एक पुरुष होतो. मी म्हटलं असतं तर देव तिथेच राहिले असते. ते मला सुचलंही नव्हतं, कारण मला त्या इथे हव्या होत्या. माझ्या मनात मी त्यांचे उपकार फेडत होतो.

“तुम्हाला जायचंय,” मी म्हणालो.

“जायचंय. पण तुम्ही म्हणाला तर. देव तुमचे आहेत.”

“देव तुमच्याकडेच राहतील.”

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी जे म्हटलं ते फक्त त्याच म्हणू शकल्या असत्या. “असं तोंडी नाही चालायचं. फोनवर तुम्ही सांगाल, आणि चुलत मामंजी म्हणतील, आम्हाला ऐकू आलं नाही. लिहून द्या. स्वच्छ अक्षरात.”

पाठीची फळी त्यांनी त्याच दुपारी सोडवली. उरलेल्याही दोन दिवसांत सोडवल्या. कामाला पुन्हा पहिला वेग आला होता. बायकोने रात्रीच्या भाकरीवर त्यांना लोण्याचा गोळा मोठा वाढला.

देव्हारा तेव्हा जोडून झाला नव्हता. जाळीचं काम बाकी होतं आणि इथल्या दमट हवेत पॉलिश वाळायला वेळ लागतो. वहिनी थांबायला तयार नव्हत्या. माझ्या एका सहकाऱ्याचं कुटुंब त्याच बाजूला निघालं होतं, त्यांच्याबरोबर त्या गेल्या. पितळेचा डबा पुन्हा मांडीवर. पाट्टी फाटकापर्यंत आली होती. तिने वहिनींच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेली मोगऱ्याची फुलं दिली आणि काहीतरी बरंच बोलली. वहिनींनी मुलीला विचारलं नाही काय म्हणाली म्हणून. “हो, हो, बाई,” एवढंच म्हणाल्या आणि तिच्या हातावर हात ठेवला.

मुलगी घरात येऊन मराठीत म्हणाली, “मोठी आई परत कधी येणार?” ती रागावलेली नव्हती, तरी मराठीत बोलली. मी म्हटलं, उन्हाळ्यात आपण जाऊ.

आम्ही गेलो. दोन नवरात्रांनाही गेलो. वहिनी बऱ्या होत्या. गुडघे दुखायचे, पण चेहरा मोकळा होता. चुलत्यांनी माझं पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, “शिकलेला आहे. लिहिलंय त्यानं, तर ठीक आहे.” त्यानंतर कुणी विषय काढला नाही.

तिसऱ्या वर्षी थंडीत एका सकाळी दूधवाल्याने हाक मारली आणि दार उघडलं नाही. शेजारच्यांनी मागच्या दाराने जाऊन बघितलं. वहिनी स्वयंपाकघरात पडलेल्या होत्या. डॉक्टर मला म्हणाले, “कुणी जवळ असतं आणि लगेच आणलं असतं तर कदाचित...” आणि मग म्हणाले, “पण नक्की सांगता येत नाही.” ते दुसरं वाक्य त्यांनी माझ्यासाठी म्हटलं असावं.

बायको म्हणते, त्या स्वतःच्या घरात गेल्या. मला ते पटतं. आणि डॉक्टरांचं पहिलं वाक्यही मला पटतं. या दोन गोष्टी मी एकत्र ठेवू शकत नाही. कारखान्यात एखादा भाग तुटला तर आम्ही कारण शोधून काढतो आणि पुन्हा तसं होणार नाही अशी व्यवस्था करतो. इथे तसं काही करता येत नाही. त्यांना मी थांबवायला हवं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. त्या असत्या तर त्यांनी विचारलं असतं, “का?” आणि मला उत्तर शोधून आणावं लागलं असतं. तशी सक्ती करणारं आता कुणी नाही.

गावच्या घराला कुलूप आहे. देव आता चेन्नईत माझ्याकडे आहेत, गावाहून परत आणलेल्या त्याच देव्हाऱ्यात. मला जे हवं होतं ते असं झालं. शेडमधलं यंत्र मी विकलं नाही, पण त्यावर कापड घातलेलं आहे.

वहिनींना मी ते पत्र लिहिलं तेव्हा पोस्टात टाकण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. अक्षर स्वच्छ आलंय का, हे बघण्यासाठी. ते पत्र असं होतं.

वहिनी,

नमस्कार करतो. तुम्ही सुखरूप पोहोचल्याचा फोन आला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे लिहून देत आहे. हे पत्र काकांना वाचून दाखवावे.

आपल्या घराण्याचे देव आपल्या गावच्या घरातच राहतील आणि त्यांची पूजा वहिनी करतील. दादा गेल्यावर देव माझ्याकडे यावेत असे ठरले होते. मी ते मोडत नाही. देव माझे आहेत असे तुम्ही सर्वांनी म्हटले, म्हणून त्यांनी कुठे राहायचे ते मी सांगतो आहे. वहिनी एकट्या आहेत म्हणून त्यांच्या घरात देव ठेवू नयेत, हे मला मान्य नाही. नवरात्राचे घट तिथेच बसतील. मी दरवर्षी येईन. घर भाड्याने द्यायचे नाही, विकायचे नाही. याबद्दल कुणाला काही बोलायचे असेल तर मला बोलावे, वहिनींना नाही.

आता फक्त तुमच्यासाठी.

देव्हारा पुरा झाला, तो सुटा करून पाठवत आहे. आमच्या कारखान्यातून त्या बाजूला जाणारा एक ड्रायव्हर तो तुमच्या दारात आणून देईल. त्याला चहा द्या, पैसे देऊ नका, मी दिले आहेत. चौकट खुंट्यांनी जोडायची आहे. गॅरेजातल्या दादाच्या जोडीदाराला बोलावलेत तर तो जोडून देईल. खुंट्या बसल्या नाहीत तर हातोड्याने मारू नये, चौकटीभोवती दोरी बांधून सांधे किंचित ओढून घ्यावे.

पातळ फळ्या चौकटीच्या खाचेत नुसत्या सरकवलेल्या आहेत. त्यांना डिंक लावलेला नाही आणि खिळा मारलेला नाही. हे विसरून राहिलेलं नाही. इथली हवा ओली आहे, त्यामुळे लाकूड आत्ता फुगलेलं आहे. तुमच्याकडे फाल्गुन-चैत्रात हवा कोरडी झाली की ते आकसेल. पक्की बसवली असती तर उन्हाळ्यात मधोमध चिरली असती. सैल आहे म्हणून हात लागला की थोडी वाजेल. कुणी म्हणेल, ढिली आहे, खिळा मारून देतो. मारू देऊ नका. वाजू द्या.

पाठीची फळी तुम्ही सोडवलेली तीच आहे. तिच्या खालच्या कोपऱ्यात सुरीचा एक बारीक ओरखडा आहे. पॉलिशने झाकला असता, पण मी झाकला नाही.

तुम्ही इथे याव्यात असं मी आता म्हणणार नाही. तुम्हाला यावंसं वाटेल तेव्हा फक्त कळवा, मी घ्यायला येईन. मला शिकवण्यासाठी तुम्ही काय काय केलंत ते मला सगळं आठवतं. ते फिटावं अशी माझी इच्छाही नाही.

पाट्टी रोज कुंपणाशी येऊन तुमच्याबद्दल विचारते. मुलगी तिला सांगते, जेवली, जेवली.

दिवा लावताना खाली बसू नका, गुडघे दुखतील. देव्हारा उंच चौरंगावर ठेवा. देव बसवाल त्या दिवशी कुणाकडून तरी फोन लावून घ्या. मी कामावर असलो तरी उचलीन.

तुमचा,
भाऊजी